पहिला हात वाळू द्या

माझा खांदा गेला तो कन्नडमुळे की मराठीमुळे, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही.

झालं असं की २०२४ च्या सुरुवातीला दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवंच, याची धामधूम सुरू झाली आणि बेळगावातल्या आम्हा पाट्या रंगवणाऱ्यांचं नशीब एकाएकी उघडलं. फ्लेक्स आल्यापासून आमचा धंदा शाळेच्या भिंती, देवळाच्या कमानी आणि टेंपोच्या मागची नावं एवढ्यावर आला होता. आता शहापूर, खडेबाजार, गणपत गल्ली, जिकडून तिकडून निरोप. कुणाला मराठी लहान करून वर कन्नड मोठं हवं, कुणाला जुन्या पाटीच्या डोक्यावर एक पट्टी वाढवून हवी. काम कुठं, तर शटरच्या वर, नऊ-दहा फुटांवर. सहा आठवडे मी दिवसाचे सात-आठ तास हात डोक्याच्या वर धरून उभा होतो. वय बावन्न.

कन्नड अक्षर गोल. मनगट फिरवत न्यायचं आणि शेवटी डोक्यावर तलेकट्टूची ती छोटी चोच काढायची. मराठीला शिरोरेषा. ती एका दमात ओढावी लागते, मध्ये थांबलात की रेघेत गाठ दिसते. पाच फुटांची शिरोरेषा डोक्याच्या वर ओढून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. माझा मदतनीस म्हणतो, "मामा, मराठीनंच घात केला." समोरचे किराणावाले म्हणतात, कन्नडची पाटी नसती तर तू चढलाच नसतास. दोघंही बरोबर असतील. खांद्याला भाषा कळत नाही.

मार्चमध्ये पहिल्यांदा जाणवलं ते शर्ट घालताना. उजवा हात बाजूनं वर नेताना अर्ध्या वाटेवर, म्हणजे खांद्याच्या रेषेत आला की, बाहेरच्या बाजूला सुरी फिरल्यासारखं व्हायचं. तोच हात तसाच पुढं रेटत पूर्ण वर नेला की दुखणं कमी. खाली आणताना पुन्हा तीच सुरी तिथंच. मजेची गोष्ट म्हणजे दुखायचं दंडावर, खांद्यापासून चार बोटं खाली, त्यामुळं मी महिनाभर दंडालाच मलम चोळत होतो. मग रात्री सुरू झालं. उजव्या कुशीवर वळलो की जाग. मागच्या खिशातलं पाकीट काढताना तोंडून आई आठवायची. तरी काम सोडलं नाही. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे अंगावर घेतले होते आणि मंडळाच्या पोरांना 'खांदा दुखतोय' हे कारण सांगायची सोय नसते.

मधल्या काळात जे जे केलं त्यातलं एकच सांगतो, कारण अजून राग जात नाही. ओळखीच्या एकानं तालुक्यातल्या एका हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं हात चाचपून 'वाटी सरकलीय' असं जाहीर केलं, तेल लावलं आणि हात धरून असा झटका दिला की डोळ्यांसमोर काजवे. वाटी कुठंही सरकली नव्हती, हे नंतर एक्स-रेत दिसलं. त्यानंतर आठ दिवस मला ताटातला घास उजव्या हातानं तोंडाशी नेता येईना.

मग उलटं टोक. हात गळ्यात बांधून घरी बसलो. तीन आठवडे काही म्हणजे काही केलं नाही. दुखणं उतरलं आणि मला वाटलं, बरा झालो. पहिल्याच दिवशी एका शाळेच्या फाटकावर 'सरकारी मराठी प्राथमिक शाळा' ही ओळ लिहायला घेतली. 'प्राथमिक'च्या वेलांटीपर्यंत आलो आणि दुखणं जसंच्या तसं हजर. वर हात आधीपेक्षा लवकर थकायला लागला. तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. काम केलं तरी दुखतंय, बसलो तरी दुखतंय, मग करायचं काय?

एका डॉक्टरनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्टात सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा जाड झालेली आणि तिला बारीकशी अर्धवट चीर, असं होतं. कंडरा म्हणजे स्नायूचं टोक जिथं हाडाला धरतं ती दोरी. आमच्याकडं सगळ्यालाच 'शीर' म्हणतात, पण शीर ती नव्हे. डॉक्टर म्हणाले, वरचं हाड कंडरेवर घासतंय, दुर्बिणीनं थोडं तासून जागा करू. खर्च ऐकला आणि मी रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. डाव्या खिशात.

बायकोच्या बहिणीनं टिळकवाडीतल्या एका लहानशा फिजिओथेरपीच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. जून उजाडला होता, पाऊस सुरू झाला होता, आमचा धंदा पावसात तसाही झोपतो. गेलो. बाई तिशीच्या, धारवाडकडच्या, मराठी तोडकं पण बिनधास्त. मला 'काका' म्हणायच्या आणि वाक्याला शेवटी 'री' लावायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी हात लावायच्या आधी अर्धा तास प्रश्नच विचारले. पडला होता का? पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला असं काही? ताप, वजन उतरणं, रात्री घाम? मानेतून हातात मुंग्या? साखर किती? साखर थोडी वरच होती. ती मी सांगणार नव्हतो, पण बायको सोबत होती. "अहो, कुंदा कोण खातं मग रोज?" तिनं तिथंच काढलं. मॅडम म्हणाल्या, साखर असणाऱ्यांचे खांदे जास्त आखडतात आणि कंडराही सावकाश भरते, म्हणून विचारलं. मग मला झोपवून त्यांनी स्वतः माझा हात सगळीकडं फिरवला. त्यांच्या हातानं तो पूर्ण फिरत होता, कोपर कमरेला टेकवून बाहेरच्या बाजूलाही जात होता. "हे चांगलं आहे री. खांदा गोठला असता तर माझ्या हातानंसुद्धा फिरला नसता. तुमचं सांधं मोकळं आहे. दोरी नाराज आहे."

दोरी नाराज आहे. एवढ्या महिन्यांत मला कळलेलं हे पहिलं निदान.

चिरेबद्दल मी घाबरून विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं की पन्नाशी-साठीच्या पुढं खांदा अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या सोनोग्राफीतही अशा चिरा सापडतात. केस पिकतात तशी कंडराही पिकते. रिपोर्टवर उपचार करायचा नसतो. हाड घासण्याचंही विचारलं. ती कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर या सर्जननी १९७२ साली मांडली आणि पुढं कितीतरी वर्षं हाड तासायच्या शस्त्रक्रिया जोरात चालल्या. मग ब्रिटनमध्ये तपासून बघितलं. ३१३ माणसं घेतली. काहींचं हाड खरंच तासलं, काहींना नुसती दुर्बीण आत घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात निकाल छापून आला. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक निघाला नाही, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा दोघं जे थोडे पुढं होते तेही इतकं थोडं की रोजच्या जगण्यात जाणवावं असं नाही. हे ऐकताना मला माझ्या खिशातला तो रिपोर्ट एकदम हलका वाटायला लागला. शस्त्रक्रिया कुणालाच लागत नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. पडून कंडरा पूर्ण तुटली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणूनच पहिला प्रश्न पडण्याचा होता.

"मग इंजेक्शन?" मी.

"घेऊ शकता. पहिले काही आठवडे बरं वाटतं. वर्षानं बघितलं तर घेतलेला आणि न घेतलेला सारखेच."

पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्याच देशात ७०८ माणसांवर आणखी एक अभ्यास झाला, २०२१ साली आला. अर्ध्यांना फिजिओकडं सहा वेळांपर्यंत बोलावून वाढत्या वजनाचे व्यायाम दिले. अर्ध्यांना एकदाच बोलावून नीट समजावलं, पुस्तिका दिली आणि घरी करा म्हणून सांगितलं. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच. "म्हणजे तुम्ही माझ्याकडं रोज यायची गरज नाही री. घरी करायची गरज आहे." धंदा करणाऱ्यानं स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध असं बोललेलं मी आयुष्यात फार कमी ऐकलंय. सात महिन्यांत मी त्यांच्याकडं आठ वेळा गेलो. शेक, विजेची मशीन, काही नाही.

आता मूळ गोष्ट.

पहिला व्यायाम बघून मला हसू आलं. भिंतीशेजारी उभं राहायचं, कोपर कमरेला, बगलेत टॉवेलची गुंडाळी, कोपरातून हात काटकोनात, आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं भिंत ढकलायची. भिंत हलत नाही, हातही हलत नाही. अर्ध्या ताकदीनं ३० सेकंद, मग मिनिटभर थांबा, असं पाच वेळा. दिवसातून दोनदा. मी लहानपणी आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या बघत वाढलेला माणूस, तालमीत दोन वर्षं जोर काढलेत. भिंत ढकलणं हा काय व्यायाम झाला? पण चौथ्या दिवशी लक्षात आलं की ढकलून झाल्यावर तासभर खांदा शांत असतो. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना असं होत नाही, तुम्हाला होतंय तर नशीब समजा.

त्या दोन आठवड्यांत त्यांनी माझं कामही बदलून टाकलं, आणि ते व्यायामाइतकंच कामी आलं. घोडी एक पायरी जास्त चढायची, म्हणजे अक्षर डोळ्यांसमोर येतं, हात खांद्याच्या खाली राहतो. लांबून हात ताणायचा नाही, घोडी सरकवायची. आळस करायचा नाही. हात टेकायची काठी मी तरुणपणी वापरायचो, 'आता हात बसला' म्हणून माळ्यावर टाकली होती, ती खाली काढली. झोपताना डाव्या कुशीवर आणि उजव्या हाताखाली उशी. या उशीनं मला पहिली अख्खी रात्र झोप दिली.

आणि वही. त्यांनी सांगितलं, दुखण्याला शून्य ते दहा नंबर द्या. व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालेल. मी म्हटलं, दुखतंय ते करायचं? आमच्या आईनं तर शिकवलंय की दुखतं तिथं हात लावू नये. त्या म्हणाल्या, चारपर्यंत चालेल, पण निकाल आज नाही लागणार. "नाळे बेळिग्गे हेळ्री." उद्या सकाळी सांगा. उद्या सकाळी शर्ट घालताना दुखणं कालच्या सकाळइतकंच किंवा कमी असेल तर कालचं वजन खांद्याला पचलं. जास्त असेल तर पचलं नाही, एक पायरी खाली या. व्यायाम सोडायचा मात्र नाही, फक्त खाली यायचं.

हे मला एकदम कळलं, कारण माझ्या धंद्यात हेच आहे. रंगाच्या थराला आम्ही 'हात' म्हणतो. पहिला हात, दुसरा हात. पहिला हात वरून कोरडा दिसतो पण आतून ओला असतो. तेवढ्यात दुसरा हात मारलात तर त्या वेळी काही दिसत नाही. आठ दिवसांनी सुरकुत्या पडतात आणि पोपडा निघतो. नवीन पोरगा नेहमी विचारतो, "वाळला की, मारू का?" मी नेहमी म्हणतो, सकाळी बोट लावून बघ. आयुष्यभर दुसऱ्याला सांगत आलो ते आता स्वतःच्या खांद्याला ऐकवायचं होतं.

जूनच्या शेवटी वजन आलं. घरात डंबेल नव्हते, विकत घ्यायची इच्छा नव्हती. इनॅमलचे रिकामे डबे मात्र रगड होते. एकात वाळू भरली आणि समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर नेऊन बरोबर अर्धा किलो केली. दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात एक. झाकणावर ब्रशनं आकडे टाकले, कन्नड आणि मराठी दोन्ही. नियम म्हणजे नियम. किराणावाले चार महिने मला 'वाळूवाले' म्हणत होते.

डाव्या कुशीवर झोपायचं, उजवं कोपर कमरेला, मध्ये टॉवेल. हातातला डबा पोटासमोर खाली. मनात तीन म्हणत सावकाश वर, तीन म्हणत सावकाश खाली. दहा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. एक दिवस आड. अर्ध्या किलोचा डबा सहाव्या वेळेला पाच किलोचा वाटायला लागला. घाम फुटला. जोर काढणारा मी! तेव्हा मॅडमनी सांगितलं की जोर काढताना छाती आणि दंड काम करतात. खांद्याचा गोळा वाटीच्या मध्यावर धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. एक वरून, दोन मागून, एक पुढून. मागचे दोघे कमजोर असले की हात उचलताना वरच्यावर सगळा भार येतो. तुमचे मोठे पहिलवान आहेत, पोरं उपाशी आहेत. उपमा त्यांचीच, माझी नाही.

सोबत भिंतीवर टॉवेल ठेवून दोन्ही हात वर सरकवायचे, जिथं सुरी फिरते तिथंपर्यंतच. रोज भिंतीवर पेन्सिलीनं खूण करत गेलो. बायको ओरडली, भिंत खराब होतेय. म्हटलं, रंगाऱ्याच्या घरातली भिंत आहे, मी बघतो. जुलैअखेर खूण वीतभर वर गेली होती. दहाचे बारा, बाराचे पंधरा झाले. तीन फेरे पंधराचे सलग दोन वेळा झाले आणि सकाळ शांत असली तरच पुढचा डबा, हा नियम. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. वजन वाढवलं त्या दिवशी आकडा पुन्हा दहावर.

मग रबरी पट्टी आली. पिवळी सगळ्यांत मऊ, मग लाल, मग हिरवी, मग निळी. खिडकीच्या गजाला बांधून मागं ओढायची, बाहेरच्या बाजूला ओढायची. लाल पट्टीवर आलो तेव्हा मी कॉलर ताठ केली. रात्री झोप लागत होती, पाकीट निघत होतं, वहीत सकाळचा आकडा एक, कधी शून्य.

आणि इथं मी माती खाल्ली.

ऑगस्टचा मध्य. गणपती सात सप्टेंबरला. एका मंडळाचा मागचा देखावा, बारा फूट उंच, सह्याद्रीचे डोंगर. पोरं म्हणाली, मामा तुमच्याशिवाय कोण? मी पायरी चढलो. पहिल्या रात्री चार तास. सकाळी शून्य! वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. दुसऱ्या रात्री पाच तास, सकाळी दोन. मनाला सांगितलं, दोन म्हणजे काय, चारपर्यंत चालतं की. तो नियम व्यायाम करतानाचा होता, सकाळचा नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा आधी नियम पाठ करून घेतो. तिसऱ्या रात्री डोंगरावरचे ढग रंगवत होतो. ढग म्हणजे हात गोल गोल, वरच्या वर, रात्री अडीचपर्यंत. चौथ्या सकाळी आकडा सात. शर्ट मुलानं घातला.

मला वाटलं, गेलं सगळं, चीर वाढली. पहिली इच्छा झाली ती पुन्हा हात गळ्यात बांधून बसायची. मॅडमकडं गेलो तर त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. हात फिरवून बघितला, ताकद बघितली, ती होती. म्हणाल्या, तुटलं काही नाही, न पचलेलं वजन आहे. स्नायू सहा-आठ आठवड्यांत तगडा होतो, कंडरा मागून, फार सावकाश येते. तिला रक्तपुरवठा कमी, तिची घडण हळू. मधल्या काळात माणसाला आपण बरे झालो असं वाटतं, कारण ताकद आलेली असते. नेमकं तेव्हाच माझ्याकडं लोक परत येतात. "काका, तुमचं दुखणं कमी झालंय, तुमची दोरी अजून शिकतेय. निधान." निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. एवढ्या दुखण्यातही त्या शब्दाची मला मौज वाटली.

दोन दिवस फक्त भिंत ढकलणं. मग अर्धा किलो. तो लाजिरवाणा अर्धा किलोचा डबा पुन्हा खाली काढताना जे वाटलं ते सांगत नाही. पण या वेळी पायऱ्या भरभर चढल्या. जिथं पहिल्यांदा सात आठवडे लागले होते तिथं तीन आठवड्यांत पोचलो. देखाव्यातले ढग शेवटी माझ्या मदतनिसानं पूर्ण केले. माझ्यापेक्षा बरे आलेत, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सप्टेंबरपासून हात उचलायचे व्यायाम. डबा हातात, अंगठा वर, हात अगदी समोर नाही आणि अगदी बाजूला नाही, दोन्हींच्या मध्ये, बाजूपासून जरासा पुढं. खांद्याचा पंखा, म्हणजे पाठीवरचं ते चपटं हाड, ज्या तिरक्या रेषेत बसलेला असतो त्याच रेषेत हात उचलला की दोरीवर ओढ कमी येते. आधी खांद्याच्या उंचीपर्यंत, मग वर. भिंतीवर जोर, मग टेबलावर जोर. ऑक्टोबरमध्ये हिरवी पट्टी आणि दीड किलोचा डबा डोक्याच्या वर ढकलणं. हे दिवस कंटाळ्याचे होते, सांगण्यासारखं काही नाही. वहीत पानंच्या पानं 'एक, एक, शून्य, एक'. एक नोव्हेंबरला अर्धं गाव राज्योत्सवात आणि अर्धं काळ्या दिनात, रस्ते बंद. मी घरात पट्टी ओढत बसलो होतो. तो एक दिवस माझ्या वहीत दोन आहे. कारण मलाही माहीत नाही.

शेवटची पायरी मला सगळ्यांत आवडली, कारण ती माझीच होती. मॅडम म्हणाल्या, आता दुकानातला व्यायाम पुरे, तुमचं काम हाच व्यायाम. पण मोजून. परसातल्या भिंतीवर आठ फुटांवर खडूची दोरी मारली आणि कोरड्या ब्रशनं शिरोरेषा ओढायची. दोन मिनिटं वर, दोन मिनिटं हात खाली, पाच वेळा. चार दिवसांनी तीन मिनिटं. मग ओला ब्रश. मग खरी ओळ. 'प्राथमिक' हाच शब्द लिहिला, मुद्दाम. डिसेंबरच्या शेवटी वीस मिनिटं सलग वर आणि पाच मिनिटं खाली, असं तासभर जमलं. भिंतीवर 'प्राथमिक' शंभरेक वेळा लिहिलेलं होतं. शेजारच्या आजी बायकोला विचारत होत्या, "ह्येंचं बरं हाय न्हवं?"

जानेवारी २०२५ मध्ये वडगावातल्या एका साडीच्या दुकानाची पाटी केली, शटरच्या वर, दोन्ही भाषांत. एका दिवसाचं काम तीन दिवसांत विभागून. मालक कुरकुरला. कुरकुरू दे. तिन्ही सकाळी एक.

डबे अजून आहेत. आठवड्यातून दोनदा करतो, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. मेमध्ये दोन आठवडे आळस केला तर शर्ट घालताना खांद्यानं हळूच आठवण करून दिली. जिना उतरता येतो पण घर सोडता येत नाही, असं काहीसं हे आहे. पाटीचं काम महिन्यातून दोन-तीनच घेतो आता. वरचं सगळं मदतनीस करतो, मी खाली बसून अक्षरं आखून देतो. त्याला सकाळी बोट लावून बघायला सांगतो, रंगाला आणि खांद्यालाही. तो चोवीस वर्षांचा आहे, ऐकत नाही.

गेल्या पंधरवड्यापासून डावा खांदा कुरकुरायला लागलाय. उजव्याला जपताना सहा-सात महिने सगळं त्याच्यावर लोटलं, त्याचं हे बिल असावं. बायकोनं विचारलं, आता नवी वही आणायची का? म्हटलं, कशाला, त्याच वहीची मागची पानं कोरी आहेत. उलटी करून सुरू केलीय. आज सकाळी तीन. अर्धा किलोचा डबा पुन्हा माळ्यावरून खाली आलाय, झाकणावरचा आकडा थोडा उडालाय, तेवढा एक हात मारून घेतो.